डावीकडून तिसरा

पहिली हाक आली तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. समोर एक नवं गिऱ्हाईक एका बाहीच्या कोटात उभं होतं, दुसरी बाही माझ्या हातात होती, आणि आतल्या खोलीतून माझी बायको म्हणाली, "अहो, एक गेलाय. डावीकडून तिसरा."

तोंडात टाचण्या असल्या की माणसाला ओरडता येत नाही, ही आमच्या धंद्यातली एक सोय आहे. एरवी मी नक्की ओरडलो असतो, कारण माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

गिऱ्हाइकाला हे ठाऊक नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

मी टाचण्यांमधून "उं उं" केलं. त्याला ते हुंदके वाटले.

"राहू द्या, मास्तर. अशा वेळी कोटाचं काय एवढं," असं म्हणून त्याने माझा खांदा थोपटला आणि एका बाहीच्या कोटासकट तो निघून गेला. वाटेत त्याला टाचण्या टोचल्या असणार. पण माणूस सभ्य. परत आला नाही.

मी टाचण्या काढून आत गेलो. आत कोणी नव्हतं. तिची खुर्ची जागेवर होती, तिच्यावर मी ठेवलेले अस्तराचे गठ्ठे होते. कोपऱ्यात तिचं यंत्र नेहमीसारखं घुमत होतं. मी "ओ" म्हणालो. आवाज बारीक निघाला, स्वतःच्याच घरात चोरून आल्यासारखा.

आता तिच्या धंद्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझी बायको टेलिफोनवरचा आवाज होती. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे", "एक दाबा", "दोन दाबा", "आपण दाबलेला पर्याय चुकीचा आहे" हे सगळं ती म्हणायची. घरातल्या कोटांच्या कपाटाला आतून मी खांद्याचे पॅड आणि कॅनव्हास ठोकून दिले होते. त्यात बसून, दार लावून ती बोलायची. बाहेर कात्री पडली तरी आत ऐकू जायचं नाही. अनेक कंपन्यांना तिने आवाज दिला. त्यांच्याकडे गेलं ते निवडून, धुऊन, इस्त्री करून गेलं. पण मूळ ध्वनिफिती त्या यंत्रात होत्या. त्यात ती खोकते, हसते, वाक्य विसरते, "अगंबाई, पुन्हा घेते" म्हणते. तिने एकदा मला त्यातलं थोडं ऐकवलं होतं. गेल्यानंतर मी ते यंत्र उघडलं नव्हतं. बंदही केलं नव्हतं. तशीच फडक्याने धूळ पुसत होतो.

यंत्र म्हणजे जुनं, एका कंपनीने डागडुजी करून विकलेलं सर्व्हरचं खोकं. त्याच्या पुढच्या बाजूला सहा खण, प्रत्येक खणात एक डिस्क. ती म्हणायची, "सहांपैकी एक गेला तर बाकीचे पाच मिळून त्याचं काम सांभाळतात. पण दुसरा गेला की सगळं गेलं." आमच्या घरात ती गेल्यावर मी एकटाच उरलो होतो, त्यामुळे ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटायची.

तासाभराने पुन्हा हाक आली. "अहो, एक गेलाय. डावीकडून तिसरा."

या वेळी शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. आमच्या त्यांच्या घरात एकच भिंत. त्यांच्या हातातली बादली खाली पडली नाही, कारण ती त्यांनी आधीच आमच्या उंबऱ्यात पाडली होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मघाशी ऐकलं तेव्हा मला वाटलं माझेच कान वाजले. तुम्ही ओ दिलीत का?"

"दिली."

"अरे देवा. एका हाकेला ओ देत असतात का कुणी?"

"मग कितव्या हाकेला द्यायची?"

"ती कुणाची हाक आहे त्यावर असतं ते," असं म्हणून त्या आपल्या यजमानांना बोलवायला गेल्या.

त्यांच्या यजमानांना सगळी ओळ सल्लागार म्हणते. कुठल्याशा परवाना खात्यातून ते निवृत्त झाले. परवाना देण्याचं काम सुटलं, पण परवानगी देण्याची सवय राहिली. आमच्या सहा घरांच्या ओळीत खिळा जरी ठोकायचा झाला तरी ते हातोडीच्या आधी येतात. ते आले, खुर्चीवरचे अस्तराचे गठ्ठे उचलून माझ्या हातात दिले, यंत्रासमोर बसले आणि पुढच्या हाकेची वाट पाहिली. हाक आली. ते उठले. गठ्ठे पुन्हा खुर्चीवर ठेवायला त्यांनी मला मदत केली, यावरून ते किती हादरले असतील ते कळेल.

"मास्तर, जावयाला फोन लावा."

आमचे जावईबापू दुसऱ्या गावी संगणकाचं काम करतात. मुलीने फोन घेतला, ऐकलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, घाबरू नका," जावईबापू म्हणाले. "आईंनी त्यात धोक्याची सूचना लावून ठेवली असणार. डिस्क बिघडली की यंत्र नुसतं पीं पीं करतं. तुम्हाला ते कळणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवलंय. बस्स, एवढंच."

"एवढंच," मी सल्लागारांना सांगितलं.

"यंत्र आहे हे मला मान्य आहे," सल्लागार म्हणाले. "पण गेला कोण, हे यंत्राला कुणी सांगितलं?"

मग कीबोर्डचं प्रकरण सुरू झालं. मी आयुष्यभर पायाने मशीन चालवलेला माणूस. एका बोटाने टाइप करताना माझा पाय आपोआप हलत होता.

"एल, एस, बी, एल, के. आणि एंटर," जावईबापू म्हणाले.

"यात एकही स्वर नाही. याचा उच्चार कसा करायचा?"

"उच्चार नका करू बाबा. टाइप करा. किती डिस्क दिसताहेत?"

"एक."

"एकच?"

"चष्मा पुसून सांगतोय. एकच."

"बरोबर. मध्ये कंट्रोलर आहे ना."

हा कंट्रोलर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरात सहा माणसं, पण दारात एकच कर्ता पुरुष हाताची घडी घालून उभा. बाहेरच्याने काहीही विचारलं की तो म्हणणार, "आम्ही एकच आहोत आणि आमचं सगळं ठीक आहे." आत कोण आजारी, कोण गेलेलं, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. यंत्र चालवणाऱ्या लिनक्सला बिचाऱ्याला तो एकच चेहरा दिसतो. अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे कपड्यांची मापं घ्यायला गेलं तरी कर्ताच सगळ्यांची मापं अंदाजाने सांगतो.

"त्या कंट्रोलरच्या पलीकडे डोकावायची एक युक्ती आहे," जावईबापू म्हणाले. "मीच दुरून आत येतो. तुम्ही हात लावू नका."

मी हात मागे घेतले. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटायला लागली, थांबून थांबून, विचार करून लिहिल्यासारखी. नेमक्या त्याच वेळी वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. कपबशी माझी नव्हती, त्यांचीच होती, त्यामुळे फुटल्याबद्दल मी काही बोललो नाही.

थोड्या वेळाने जावईबापू म्हणाले, "सापडला. स्लॉट तीन."

"मग बरोबर आहे. हीसुद्धा तिसराच म्हणतेय."

"नाही ना बाबा. कंट्रोलर शून्यापासून मोजत असेल तर स्लॉट तीन म्हणजे चौथा खण."

"शून्यापासून कोण मोजतं?"

"कॉम्प्युटर."

माझ्या टेपलाही शून्य असतं. पण शून्य छातीचं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. तसं मी म्हणालो.

"बाबा, गंमत नाही ही. डिस्क बदलायला सोपी आहे, पुढून ओढायची आणि नवी घालायची. यंत्र चालू असतानाच. पण चुकून चांगली ओढली, तर एक मेलेली आणि एक बाहेर काढलेली, म्हणजे दोन गेल्या. आईंचं सगळं काम गेलं. इकडे नक्कल मागवावी म्हटलं तर तुमच्या इंटरनेटच्या जोडणीवरून ती यायला वर्ष उलटेल. थांबा, मी त्या डिस्कचा दिवा लुकलुकवतो. कुठला लागतो ते सांगा."

आम्ही तिघं खोक्यासमोर वाकलो. सहाही दिवे मिटलेले. खरं तर ते कित्येक वर्षं लागलेच नव्हते. यंत्र आणलं तेव्हा ते खोलीभर हिरवे लुकलुकायचे आणि मला झोप यायची नाही. मी कुरकुरलो, तेव्हा तिने खोकं उघडून दिव्यांची तारच काढून टाकली होती.

"मग बंद करून, एकेक काढून, मागचे नंबर वाचूया का?" मी विचारलं.

"नको. इतकी वर्षं अखंड फिरताहेत त्या. बंद केल्या तर सगळ्या पुन्हा उठतीलच असं नाही."

हे वाक्य ऐकून वहिनींनी पदर तोंडाला लावला.

सल्लागारांनी अर्थातच उपाय सुचवला. गेलेला माणूस थंड पडतो, तेव्हा हात लावून पाहावा. मी सहाही खणांवरून तळवा फिरवला. कापडाचा पोत मी डोळे मिटून ओळखतो, सुती आणि मिश्रणातला फरक बोटाला कळतो. पण सहाही सारखेच कोमट होते, सारखेच बारीक थरथरत होते. जो गेला होता तोही तितकाच कोमट होता. मी हात काढून घेतला आणि उगाच सदऱ्याला पुसला.

नवी डिस्क हवी म्हणून मी यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. आणि माझ्या कानात माझी बायको म्हणाली, "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा."

"थांबलोय," मी म्हणालो.

"आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यग्र आहेत."

"असू दे."

"कृपया थांबा."

पण ती तिच्या कामाची बोली होती. ती कुणालाही थांबवायची. आत यंत्रातून जी हाक येत होती ती वेगळी होती. त्या आवाजाला नाक चोंदलेलं होतं, किंचित चिडलेपण होतं, आणि गॅसवर काहीतरी ठेवून आल्याची घाई होती. तो आवाज तिने कुठल्याही कंपनीला दिला नव्हता. मी रिसीव्हर कानाला लावून ही तुलना करत बसलो असताना एक तरुण आवाज म्हणाला, "सर, बोला."

मी सगळं सांगितलं.

"यंत्राची नोंद मॅडमच्या नावावर आहे. त्यांना फोन द्या."

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत."

"सर, मग नावात बदल करावा लागेल. त्यासाठी अर्ज, त्यावर मूळ ग्राहकाची सही..."

"अहो, त्या वारल्या आहेत."

"क्षमा करा सर. मग वारल्याचा दाखला, आणि अर्जावर मूळ ग्राहकाची सही. सहीला पर्याय नाही सर, तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

मी आवाज चढवला. मी म्हणालो की चाळीस वर्षं मी लोकांचे कोट शिवतोय, पण मेलेल्या माणसाची सही घेऊन या असं कुणाला म्हणालो नाही. तेवढ्यात तास भरला, आणि आतून हाक आली, "अहो, एक गेलाय. डावीकडून तिसरा."

पलीकडची टकटक थांबली. मग तो तरुण म्हणाला, "सर, मॅडम मागे बोलताहेत की."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रागावल्यात वाटतं. राहू द्या, नका त्रास देऊ त्यांना. आवाज ओळखीचा वाटतोय, आधी बोलणं झालं असेल. मी लिहून घेतो, डावीकडून तिसरा, तक्रार मॅडमनी स्वतः सांगितली. डिस्क निघेल सर. पण एक सांगतो, तुमच्या सहाही एकाच घाण्यातल्या दिसताहेत. एक गेली की मागोमाग बाकीच्याही जायला लागतात. मॅडमना नमस्कार सांगा."

मी एवढा वेळ बोललो त्याची किंमत शून्य आणि तिच्या एका हाकेत काम झालं. हयात असतानाही हे असंच होतं. दूधवाला, विजेचं खातं, घरमालक, सगळे तिचंच ऐकायचे.

डिस्क यायची होती तोवर ओळीत बातमी फिरली. आणि फिरता फिरता ती सल्लागारांकडे उलटी परत आली. एका दुपारी ते रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून घरांकडे बोट करताना दिसले. एक, दोन, तीन. मग त्यांनी हात खाली घेतला. डावीकडून तिसरं घर त्यांचंच होतं.

"मास्तर," ते दुकानात येऊन बसले, "मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही."

"नाहीच मुळी."

"पण गेलाय म्हणते आहे. जाईल असं नाही म्हणत. म्हणजे वरच्या दप्तरी नोंद होऊन गेली असं दिसतं. परवाना खात्यात आमचंही असंच चालायचं. निर्णय आधी व्हायचा, संबंधिताला नंतर कळायचं." त्यांनी मनगट पुढे केलं. "नाडी बघा बरं."

"मी शिंपी आहे, साहेब."

"मग माप तरी घ्या. बारीक झालोय का मी?"

मी माप घेतलं. पोट वाढलं होतं. ते ऐकून त्यांना जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. पण तो टिकला नाही. त्यानंतर तास भरायची वेळ झाली की ते भिंतीपलीकडे येरझारा घालायचे, आणि हाक झाली की वहिनींना विचारायचे, "नाव तर नाही ना घेतलं?"

डिस्क आली. मी ती कापायच्या टेबलावर ठेवली. आणि तिथेच राहू दिली.

का राहू दिली, हे मी कुणाला सांगितलं नाही. जावईबापू रोज फोन करायचे, मी रोज म्हणायचो, एका लग्नाचे कपडे हातात आहेत, एवढे होऊ देत. कपडे कधीच देऊन झाले होते. खरी गोष्ट अशी की डिस्क बदलली की सूचना बंद होणार होती. त्या यंत्रात तिचा कितीतरी आवाज होता, पण तो सगळा ग्राहकांशी बोलत होता. मला उद्देशून एवढंच एक वाक्य होतं. आता मला हाकेच्या आधीचा श्वासही ऐकू यायला लागला होता. पहिल्या दिवशी तो कळला नव्हता. आधी श्वास, मग "अहो". मी तास भरायच्या आधी मशीन थांबवायचो, हात धुवायचो, आत जाऊन बसायचो. तिची खुर्ची मी मोकळी केली होती. एकदा वहिनींनी मला धुतलेला सदरा घालून, भांग पाडून आत जाताना पाहिलं आणि त्या काही न बोलता परत फिरल्या. ओळीत बोललं गेलं की मास्तरांचं डोकं फिरलं. एका गिऱ्हाइकाने अर्धवट शिवलेली विजार परत मागितली. माझी विजार, माझी शिलाई, आणि ती अर्धवट चालेल पण माझ्याकडे नको! हा अपमान मी गिळला.

एके दिवशी मुलीचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"बाबा, डिस्क येऊन पडलीय ना?"

"अगं, जरा कामं..."

"तिथे माझीपण आई आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी त्या दुपारी दुकानाचं दार लावलं.

सल्लागारांना सांगितलं नव्हतं, पण भिंत एकच असल्यामुळे ते आले. मागून वहिनी. जावईबापू फोनवर. मी खोक्यासमोर गुडघ्यावर बसलो, जसा विजारीची उंची घ्यायला बसतो तसा.

"तिसरा ओढा!" सल्लागार म्हणाले. "काढून टाका त्याला एकदाचा. म्हणजे जो जायचा तो गेला असं होईल आणि बाकीचे सुटतील."

"बाबा, मला चौथा वाटतोय," जावईबापू म्हणाले. "पण खात्री नाही. काही खोकी एकपासून मोजतात. आई तिसरा म्हणताहेत, त्यांनी यंत्र स्वतः जुळवलंय... माझं मन होत नाहीये. काय करूया?"

"त्यांचं ऐका की!" वहिनी म्हणाल्या. "भावजी, त्या एवढ्या जीव तोडून सांगताहेत तिसरा म्हणून!"

मी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या खणाची कडी बोटाने दाबली. कडी सुटली. आता नुसतं ओढायचं.

तेव्हा तिने श्वास घेतला.

तो सगळ्यांनी ऐकला असं मला वाटलं, पण नंतर विचारलं तर कुणीच ऐकला नव्हता. "अहो," ती म्हणाली, "एक गेलाय. डावीकडून तिसरा."

"कुणाच्या डावीकडून?" मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. सवय. हा प्रश्न मी दिवसातून कितीदा तरी विचारायचो.

आणि माझा हात कडीवरच थिजला.

आमच्या घरात डावं म्हणजे अंगातलं डावं. शिंप्यासमोर गिऱ्हाईक तोंड करून उभं राहतं. त्याचा डावा खिसा माझ्या उजव्या हाताला येतो. शिकाऊ असताना मी एका कोटाचा खिसा उलट्या बाजूला लावला होता, तेव्हा उस्तादाने कानफटात दिली होती. तीही माझ्या डाव्या गालावर, म्हणजे त्याच्या उजव्या. तेव्हापासून मी डावं म्हणताना समोरच्याचं डावं म्हणतो. लग्नानंतर तिला हे फार जड गेलं. नंतर तीही तेच बोलायला लागली. कपाटाचा डावा कप्पा म्हणजे कपाटाने आपल्याकडे तोंड केलंय असं धरून त्याचा डावा. पाहुण्यांना आमच्याकडे चमचा कधी सापडला नाही. मुलगी शाळेत डावीकडे वळा म्हटलं की उजवीकडे वळायची आणि रडत घरी यायची.

हे खोकं माझ्याकडे तोंड करून उभं होतं. त्याच्या डावीकडून तिसरा म्हणजे माझ्या उजवीकडून तिसरा.

माझ्या उजवीकडून तिसरा म्हणजे माझ्या डावीकडून चौथा.

"जावईबापू," मी म्हणालो, "तुमचं शून्य बरोबर आहे. दोघं एकच म्हणताहेत."

मी तिसऱ्या खणाची कडी पुन्हा लावली. चौथ्याची दाबली. सल्लागार ओरडले, "अहो मास्तर, चौथा? चौथा कुठे म्हणाल्या त्या?" मी ओढला.

तो सहज आला, इस्त्रीच्या पाटीवरून बाही सरकावी तसा. हातात जड होता. अजून आत काहीतरी फिरत होतं, ते हळूहळू मंद होत थांबलं. मी तो पालथा केला आणि नंबर वाचला. जावईबापूंनी पलीकडून कंट्रोलरच्या पोटातला नंबर वाचला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा फोनवर मागे मुलीचा रडण्याचा आवाज आला. ती एवढा वेळ तिथेच उभी होती. यंत्र घुमतच होतं.

नवी डिस्क मी खणात सरकवली.

"म्हणजे," सल्लागार माझ्या मागे उभे राहून बोटं मोजत होते, "समोर तोंड करून उभ्या असलेल्याच्या डावीकडून मोजायचं. मग आमची घरंही रस्त्याकडे तोंड करून आहेत. म्हणजे तिसरं घर माझं नाही!" त्यांचा चेहरा उजळला. "घरांच्या डावीकडून तिसरं म्हणजे... एक... दोन..."

ते थांबले. ते घर, रस्त्यावरून डावीकडून चौथं, माझं होतं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले.

"असू दे साहेब," मी म्हणालो. "इथलं एक गेलंच आहे."

वहिनींनी त्यांना कोपराला धरून घरी नेलं. एवढ्या वर्षांत सल्ला न देता बाहेर पडताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

नवी डिस्क भरायला वेळ लागतो. बाकीचे पाच जण तिला आपापल्या आठवणीतून सांगतात आणि ती लिहून घेते, असं जावईबापूंनी समजावलं. ते चालू असताना हाक येतच होती. मी प्रत्येक हाकेला ओ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तास भरायला आत जाऊन बसलो आणि ती श्वास घेईल म्हणून थांबलो. यंत्र घुमत होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली. भिंतीपलीकडे येरझारा थांबल्या. म्हणजे तेही ऐकत होते. कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या. "भावजी, बंद झालं ना?"

"झालं."

"सुटलात बाई," त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकल्यासारखं वाटतंय हो."

रात्री जेवणाच्या आधी जावईबापूंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्यांना ती सूचना जिथे ठेवली होती ती जागा सापडली होती. तिथे सहा ध्वनिफिती होत्या. प्रत्येक डिस्कसाठी एक, जी डिस्क जाईल तिची वाजणार.

"त्या सारख्या नाहीत, बाबा. लांबीवरून कळतंय. आपण ऐकली ती सगळ्यात छोटी. दुसरी एक तर बरीच मोठी आहे, त्यात आई काय एवढं बोलल्यात कोण जाणे. मी उघडलेल्या नाहीत. तुमच्या मोबाईलवर पाठवू का?"

मी फोन घेऊन आत गेलो आणि तिच्या खुर्चीत बसलो.

"नको," मी म्हणालो. "जिथे आहेत तिथे राहू द्या."

"बरं. आणि दुसरं असं, बाकीच्या पाचही डिस्क त्याच वयाच्या आहेत. आता एकेक करून जाणार. त्यापेक्षा मी पुढच्या महिन्यात येतो आणि पाचही एकदम बदलून टाकतो. कटकटच नको."

"नको, नको," मी घाईने म्हणालो. "एक नवी तेवढी आणून कपाटात ठेवा. जुन्या चालताहेत तोवर चालू देत. जिची वेळ येईल ती बदलू."

"अहो बाबा, पण कशाला जीव टांगणीला..."

"एकेकच," मी म्हणालो.

आपण फोन ठेवला असं जावईबापूंना वाटलं, पण ठेवला नव्हता. ते माझ्या मुलीला म्हणत होते, "तुझ्या बाबांचा हात भारीच आखडता आहे बुवा."

म्हणू दे.